नव्या वसाहतीत झाडाचा वाटा



शहराच्या कडेला नवी वसाहत व्हायची ठरली म्हणजे सर्वांत आधी तयार होतो तो तिचा नकाशा. त्यात रस्ते आखलेले असतात, घरांचे चौकोन मांडलेले असतात आणि त्या चौकोनांच्या कडेकडेने हिरव्या शाईची लहान लहान वर्तुळे काढलेली असतात. एकेक वर्तुळ म्हणजे एकेक झाड. नकाशा पाहणाऱ्याचे मन त्या हिरव्या रंगानेच प्रसन्न होते, आणि घर घ्यावे की घेऊ नये याचा निर्णयही पुष्कळदा त्या वर्तुळांकडे पाहूनच होतो.

गेल्या वैशाखात अशाच एका वसाहतीत एका स्नेह्यांच्या वास्तुशांतीला जाण्याचा योग आला. प्रवेशद्वारापाशी नकाशाची मोठी पाटी लावलेली होती. जेवणाला अवकाश होता, म्हणून मी नकाशातील हिरवी वर्तुळे मोजली आणि मग ती झाडे शोधीत आवारातून एक फेरी मारली. काही वर्तुळांच्या जागी वाळलेल्या काटक्या उभ्या होत्या. काही ठिकाणी झाडे जगली होती, पण कुंपणाच्या भिंतीला चिकटून, एकमेकांच्या फांद्यांत फांद्या अडकवून ती कशीबशी उभी होती. आणि निम्म्याहून अधिक जागी केवळ फरसबंदी होती, कारण खाली मोटारी ठेवण्याचे तळघर होते आणि तळघराच्या छतावर झाड वाढत नाही. झाडे लावल्याचा दाखला मात्र वेळेवर मिळालेला होता. नियमाने सांगितलेली संख्या कागदावर पुरी झाली होती.

या प्रकाराचा दोष कोणा एका बांधकाम करणाऱ्याच्या माथी मारून मोकळे होणे सोपे आहे. परंतु प्रश्न त्याहून खोल आहे. नव्या वसाहतीत झाडे असावीत, ती अमुक प्रकारची असावीत, अमुक अंतरावर असावीत, हा विचार आपल्याकडे आजचा नाही. तो फार जुना आहे, आणि त्याचे काही महत्त्वाचे टप्पे तर उज्जैन, बडोदे आणि इंदूर या आपल्या परिचयाच्या गावीच घडलेले आहेत. त्या इतिहासाकडे पाहिले म्हणजे ध्यानात येते की जुन्या लोकांनी झाडाचा नियम करताना ‘किती’ हा प्रश्न सर्वांत शेवटी विचारला. आधी त्यांनी जमीन पाहिली, अंतर पाहिले, आणि झाडाला वाली कोण हे पाहिले. आजच्या भाषणात मला याच तीन गोष्टींचा मागोवा घ्यावयाचा आहे.

आरंभ उज्जैनपासून करू. इसवी सनाच्या सहाव्या शतकात अवंती देशात वराहमिहिर हा थोर ज्योतिषी होऊन गेला. त्याची ‘बृहत्संहिता’ ग्रहनक्षत्रांपुरती मर्यादित नाही. घर कसे बांधावे, पाण्याचा शोध कसा घ्यावा, यांबरोबरच वृक्षांच्या जोपासनेवरही तीत स्वतंत्र अध्याय आहे. त्या अध्यायाचा क्रम मोठा बोलका आहे. वराहमिहिर प्रथम झाडाची गोष्ट करीत नाही. तो जमिनीची गोष्ट करतो. मऊ भुसभुशीत जमीन सर्व झाडांना हितकर, तीत आधी तीळ पेरावेत आणि ते फुलावर आले म्हणजे तेथेच तुडवून मातीत मिसळावेत, हे जमिनीवरचे पहिले काम, असे तो सांगतो. आजचा शेतकरी ज्याला हिरवळीचे खत म्हणतो, तेच हे. झाड लावण्यापूर्वी मातीला जेवू घालावे, असा त्याचा अर्थ.

त्यानंतर घराशी वा बागेत आधी कोणती झाडे लावावीत ते तो सांगतो. कडुनिंब, अशोक, पुन्नाग, शिरीष अशी मंगल मानलेली नावे त्यात येतात. मग पाण्याचा नियम येतो : उन्हाळ्यात सकाळ-संध्याकाळ, हिवाळ्यात दिवसाआड, आणि पावसाळ्यात जमीन सुकलेली दिसेल तेव्हा. आणि शेवटी येतो अंतराचा नियम. दोन झाडांत वीस हातांचे अंतर उत्तम, सोळा हातांचे मध्यम, आणि बारा हातांचे किमान. हात म्हणजे सुमारे दीड फूट धरला, तर उत्तम अंतर तीस फूट आणि किमान अंतर अठरा फूट होते. कारणही तो देतो. जवळजवळ लावलेली झाडे एकमेकांना घासतात, त्यांची मुळे एकमेकांत मिसळतात, आणि अशी पीडलेली झाडे चांगले फळ देत नाहीत. दीड हजार वर्षांपूर्वीचा हा नियम आहे, आणि त्यात झाडाच्या आजच्या उंचीचा विचार नसून उद्याच्या विस्ताराचा विचार आहे. कुंपणालगत तीन-तीन फुटांवर रोपे रोवून संख्या भरून काढणाऱ्याला वराहमिहिराने किमान पंक्तीतही बसू दिले नसते.

आता तेथून सुमारे अकराशे वर्षे पुढे यावे लागेल. अठराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात रामचंद्रपंत अमात्यांनी सिद्ध केलेले ‘आज्ञापत्र’ हा मराठी राज्यनीतीचा ग्रंथ आपल्या सर्वांच्या परिचयाचा आहे. शिवछत्रपतींच्या कारभाराची रीत त्यात उतरलेली आहे. त्यातील झाडांविषयीची आज्ञा पुष्कळांनी वाचलेली असते. आरमाराला लाकूड लागते. सागवानादी झाडे राज्यातील रानातून परवानगीने तोडावीत. परंतु आंबा-फणस ही आरमाराच्या कामाची असली तरी त्यांना हात लावू नये. ती झाडे वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत, रयतेने ती लेकरांसारखी वाढवलेली असतात, ती तोडली तर तिच्या दुःखाला पारावार राहत नाही. एखादे झाड फारच जीर्ण झाले असेल, तर धन्याला राजी करून, मोबदला देऊन, मगच ते तोडावे.

या आज्ञेचा गौरव आपण नेहमी करतो. पण याच ग्रंथात गडांच्या प्रकरणात आलेली दुसरी एक आज्ञा आजच्या विषयाला अधिक लागू पडते. गड म्हणजे तरी काय? उजाड डोंगरमाथ्यावर नव्याने उभी केलेली वसाहतच ती. तट, बुरूज, कोठारे, घरे, पाण्याची टाकी, सारे नव्याने बांधायचे. अशा ठिकाणी अमात्य सांगतात की गडावर आधीची जी झाडे असतील ती राखावीत. शिवाय फणस, चिंच, वड, पिंपळ असे थोर वृक्ष, लिंबू, नारिंग असे लहान वृक्ष, फुलझाडे, वेली, किंबहुना उपयोगाचे असो वा नसो, जे झाड तेथे होत असेल ते लावावे आणि जतन करावे. प्रसंग पडला तर निदान लाकडाला तरी ते उपयोगी पडेल.

या आज्ञेचा क्रम पाहावा. पहिले वाक्य आहे ते असलेली झाडे राखण्याचे. नवी लावण्याची गोष्ट त्यानंतरची. मोठी कोणती, लहान कोणती, हा भेद त्यात आहे. ‘तेथे होत असेल ते’ असे म्हणताना जमिनीचा आणि हवेचा विचार त्यात आहे. आणि ‘लावावे’ या क्रियापदाला ‘जतन करावे’ हे दुसरे क्रियापद जोडलेले आहे. आपल्या आजच्या दाखल्यात पहिल्या क्रियापदाची नोंद होते. दुसऱ्याची होत नाही.

इंग्रजी अमलात या परंपरेला एक निराळे वळण लागले. महू, बेळगाव, सिकंदराबाद येथील छावण्यांत आणि त्यांच्या लगतच्या साहेबी वस्तीत प्रशस्त आवारे, रुंद रस्ते आणि दुतर्फा मोठी झाडे हा शिरस्ता पडला. त्या झाडांची सावली आजही आपण उपभोगतो, हे मान्यच केले पाहिजे. तथापि ही सावली मूठभरांसाठी होती. गावाच्या आत, पेठांत आणि गल्ल्यांत, वस्ती दाटत चालली होती. परसातील झाड तोडून तेथे खोली काढावी, चौकातील पार मोडून तेथे दुकान घालावे, असे होऊ लागले. १८९६ साली मुंबईत प्लेग आला आणि दाटीचे भयंकर रूप सर्वांना दिसले. १८९८ साली मुंबईत सुधारणा मंडळ, म्हणजे सुप्रसिद्ध इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट, स्थापन झाले. दादर-माटुंग्याच्या नव्या वसाहती त्याच्याच योजनेतून उभ्या राहिल्या, आणि तेथील रस्त्यांवरील झाडी आजही शहराचे भूषण आहे. पुढे १९१५ साली मुंबई इलाख्यात नगररचनेचा कायदा झाला. हिंदुस्थानातील तो या प्रकारचा पहिला कायदा. अनेकांच्या जमिनी एकत्र घेऊन, त्यांतून रस्ते व मोकळ्या जागा काढून, उरलेले भूखंड पुन्हा मालकांना वाटून देण्याची सोय त्यात होती. सर्वांच्या वाट्यातून थोडे थोडे घेऊन सर्वांची जागा निर्माण करावयाची, हे तत्त्व त्यात मान्य झाले. भावाभावांच्या वाटणीत देवघराचा वाटा बाजूला काढावा, तसाच हा झाडाचा वाटा.

पण वाटा निघाला तरी त्याचे काय करावे, हे कोणी सांगावयाचे? येथे आपल्याला बडोद्याकडे वळावे लागेल. महाराजा सयाजीराव गायकवाड यांनी विश्वामित्रीच्या काठी १८७९ साली सार्वजनिक बाग उभारली. कमाटीबाग या नावाने ती सर्वांना ठाऊक आहे. राजवाड्याच्या बागेत प्रजेने दुरून डोकवावे असा तो काळ. त्या काळी शंभर एकरांहून मोठी बाग लोकांसाठी खुली करणे ही गोष्ट लहान नव्हती. १८९३ साली बडोद्याच्या बागांच्या कामासाठी लंडनच्या क्यू येथील वनस्पतिउद्यानातून क्रुम्बिगल नावाचे जर्मन उद्यानतज्ज्ञ आले. पंधरा वर्षे बडोद्यात काढून १९०८ साली ते म्हैसूर संस्थानात गेले, आणि बंगळूरच्या लालबागेचे प्रमुख म्हणून त्यांचे नाव झाले. बंगळूरच्या रस्त्यांवर झाडे लावताना त्यांनी अशी योजना केली की एका जातीचा बहर ओसरला की दुसऱ्या जातीचा यावा आणि वर्षाचा कोणताही काळ फुलांवाचून जाऊ नये. रस्त्यावरच्या झाडांची निवड पंचांगासारखी विचारपूर्वक करता येते, हे त्यांनी दाखवून दिले.

बडोद्यातच १९१६ साली आणखी एक परदेशी पाहुणा आला. त्याने शहर पाहिले आणि त्याच्या विस्तारावर अहवाल लिहिला. पॅट्रिक गेडिस हे त्याचे नाव. हा मूळचा स्कॉटलंडचा, जन्म १८५४ सालचा, आणि पेशाने वनस्पतिशास्त्राचा प्राध्यापक. नगररचना करणारे लोक बहुधा अभियंते असतात. ते मोजपट्टी घेऊन येतात. गेडिस झाडांच्या अभ्यासातून शहरांकडे आला होता. त्यामुळे शहर हेही एक वाढणारे जिवंत शरीर आहे, अशी त्याची दृष्टी होती. १९१४ साली तो या देशात आला आणि पुढची काही वर्षे गावोगाव हिंडला. दाट वस्तीतून सरळ रुंद रस्ता काढण्यासाठी शेकडो घरे पाडण्याची जी तऱ्हा त्या काळी रूढ होती, तिला त्याने कडाडून विरोध केला. त्याचे म्हणणे असे की कुशल वैद्य रोगट भाग तेवढाच काढतो आणि बाकीचे शरीर राखतो. पडके घर असेल ते काढावे, त्या जागी लहानसा चौक करावा, तेथे झाड लावावे, पार बांधावा, आणि शेजारच्या बायका-मुलांना बसण्याची जागा करून द्यावी. अशा दहा जागा मिळून जे काम होते, ते एका रुंद रस्त्याने होत नाही.

रुंद रस्त्यांविषयीचे त्याचे गणित आजही विचार करण्यासारखे आहे. मुख्य रस्ते रुंद असावेत, हे त्याला मान्य होते. पण घरांपुढची प्रत्येक गल्ली रुंद करण्याने काय साधते? आपल्या उन्हात तेथे धूळ उडते, उष्मा वाढतो, आणि बांधण्याचा व राखण्याचा खर्च कायमचा मागे लागतो. तीच जमीन आणि तोच पैसा वाचवून घरांच्या मधोमध लहान लहान बागा केल्या, तर मुलांना खेळायला जागा होते आणि घरांना सावली मिळते. म्हणजे झाडांसाठी निराळी जमीन कोठून आणावयाची, या प्रश्नाचे उत्तर त्याने नकाशातच शोधून दिले होते.

१९१७ हे साल गेडिसला फार जड गेले. त्याचा मोठा मुलगा फ्रान्समधील रणांगणावर पडला आणि थोड्याच महिन्यांत पत्नीही याच देशात निवर्तली. अशा मनःस्थितीत तो इंदूरला तुकोजीराव होळकरांच्या दरबारचे काम करू लागला. शहरात प्लेगचे भय होते, हिवतापाचा उपद्रव होता, आणि मोजमाप करीत गल्लोगल्ली हिंडणाऱ्या या पांढऱ्या दाढीच्या साहेबाकडे लोक संशयाने पाहत. साहेब आला म्हणजे घर पाडणार, असा त्यांचा अनुभव होता. गेडिसने यावर जो उपाय योजला त्याची हकीकत त्यानेच पुढे सांगितलेली आहे. त्याने दरबारकडून एक दिवसाचे राजेपण मागून घेतले. दिवाळीच्या सुमारास थाटाची मिरवणूक काढावयाची ठरली, आणि दवंडी पिटवण्यात आली की मिरवणूक नेहमीच्या वाटेने जाणार नाही. ज्या रस्त्यांवर अधिकांत अधिक घरे स्वच्छ आणि दुरुस्त केलेली आढळतील, त्या रस्त्यांनी ती जाईल. मग काय विचारता! घरोघर सफाई सुरू झाली, भिंती सारवल्या-रंगवल्या गेल्या, वर्षानुवर्षे साचलेला कचरा गाड्यांवर भरून बाहेर गेला.

मिरवणुकीत प्लेगचा प्रचंड उंदीर होता, हिवतापाचा डास होता, आणि त्यांचे शेवटी रावणासारखे दहन झाले. शहर झाडणारे कामगार त्या दिवशी पांढऱ्या स्वच्छ पोशाखात, हार घालून, मानाने चालले. आणि लोकांना तुळशीचे रोप लावलेल्या लहान लहान कुंड्या वाटण्यात आल्या.

या शेवटच्या गोष्टीपाशी मला थोडे थांबावेसे वाटते. गेडिसला वनस्पतींची नावे हजारोंनी ठाऊक होती. त्याने तुळसच का निवडली? कारण या देशातील गृहिणी तुळस लावून विसरत नाही, हे त्याने पाहिले होते. ती रोज सकाळी तिला पाणी घालते, तिच्याभोवतीची जागा सारवते, संध्याकाळी तिच्यापुढे दिवा लावते. तुळशीला वाली असतो. जेथे तुळस आहे तेथे अंगण स्वच्छ आहे, आणि जेथे अंगण स्वच्छ आहे तेथे रोगाला थारा नाही, अशी ही साखळी त्याने हेरली होती. मोकळी जागा सोडली आणि ती कोणाच्या स्वाधीन केली नाही, तर तिचा उकिरडा होतो, हे तो अनुभवाने जाणत होता. नियमाला माणसाच्या सवयीचा आधार मिळाल्याशिवाय तो टिकत नाही, हे त्या कुंडीतले तत्त्व होते.

१९१८ साली इंदूर दरबारला सादर केलेला त्याचा अहवाल दोन खंडांचा आहे. खान आणि सरस्वती या नद्यांचे काठ स्वच्छ करून तेथे बागा कराव्यात, गिरणी-कामगारांसाठीही बागांसह वस्ती वसवावी, जुन्या गावातील लहान जागा जपाव्यात, अशा सूचनांनी तो भरलेला आहे. त्यातला एक विचार विशेष ध्यानात घेण्यासारखा आहे. शहराचा मैला आणि सांडपाणी खर्चिक गटारांतून नदीत नेऊन सोडण्यापेक्षा ते बागांच्या मातीला द्यावे, असे त्याने आग्रहाने मांडले. योगायोग पाहा : त्यानंतर सहाच वर्षांनी, १९२४ साली, अल्बर्ट हॉवर्ड हे कृषिशास्त्रज्ञ इंदूरला वनस्पतिसंशोधन संस्थेच्या कामासाठी आले. पालापाचोळा, शेण आणि टाकाऊ वस्तू यांपासून उत्तम खत करण्याची जी पद्धत त्यांनी तेथे बसवली ती जगभर ‘इंदूर पद्धत’ म्हणून ओळखली जाते. त्या पद्धतीवरील १९३१ सालच्या ग्रंथावर हॉवर्ड यांच्या जोडीला यशवंत वाड हे नाव सहलेखक म्हणून आहे. उज्जैनच्या वराहमिहिराने आधी तीळ पेरून मातीला जेवू घालण्यास सांगितले होते. इंदुरात त्याच माळव्याच्या भूमीत तोच धडा विसाव्या शतकाच्या शास्त्राने पुन्हा गिरवला. मातीवाचून झाड नाही, ही गोष्ट दोन्हीकडे पहिली.

स्वातंत्र्यानंतर नवी नगरे वसवण्याचा काळ आला. पंजाबची नवी राजधानी चंडीगड येथे १९५३ साली झाडांच्या योजनेसाठी स्वतंत्र समिती नेमली गेली, आणि वनस्पतींचे मोठे जाणकार असलेले सनदी अधिकारी महिंदरसिंग रंधावा यांनी त्या कामात पुढाकार घेतला. कोणत्या रस्त्यावर कोणती जात लावावी, सावलीची कोठे, फुलांची कोठे, हे तेथे घरे उभी राहण्याच्या वेळीच ठरले. चंडीगडची नक्कल पुढे अनेक वसाहतींनी केली, पण तिच्यातील सोपा भाग तेवढाच उचलला. लवकर वाढणारी, लवकर फुलणारी झाडे लावून मोकळे व्हावयाचे. मादागास्करहून आलेला गुलमोहर घ्या. उन्हाळ्यात तो जी शोभा देतो तिला तोड नाही. परंतु त्याची मुळे वरवर पसरतात आणि लाकूड ठिसूळ असते. मोकळ्या मैदानात त्याचे स्वागतच आहे. पण अरुंद पदपथावर, मुळांशी सिमेंट ओतून आणि नळ-तारांसाठी एका बाजूची मुळे तोडून त्याला उभे केले, तर पहिल्या वळवात तो कोसळतो. मग दोष त्याच्या माथी येतो आणि कुऱ्हाड शेजारच्या कडुनिंबावरही पडते.

कायद्याने या बाबतीत काही केले नाही, असे नाही. महाराष्ट्राने १९७५ साली नागरी क्षेत्रातील झाडांचे संरक्षण व जतन करण्याचा कायदा केला. वृक्ष प्राधिकरणे आली, परवानगीवाचून झाड तोडणे गुन्हा ठरला, दर पाच वर्षांनी झाडांची गणना करण्याचे बंधन आले. देशाच्या बांधकामसंहितेच्या २००५ सालच्या आवृत्तीत इमारतीभोवतीच्या भूमीची आणि लागवडीची रचना कशी असावी यावर स्वतंत्र विभाग आला. २०१३ साली राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने दिल्लीतील झाडांच्या बुंध्याभोवतीचे एक मीटरच्या आतील सिमेंट काढून टाकण्याचा आदेश दिला. २०२१ साली महाराष्ट्राच्या कायद्यात दुरुस्ती होऊन पन्नास वर्षे व त्याहून अधिक वयाच्या झाडाला वारसावृक्षाचा मान मिळाला, आणि असे झाड तोडावेच लागले तर त्याच्या वयाइतकी नवी झाडे लावण्याचे बंधन आले.

हे सर्व स्वागतार्ह आहे. तरीही मनात दोन शंका राहतात. कोठे वराहमिहिराचे वीस हात आणि कोठे आपला एक मीटर! तो एक मीटरही न्यायालयाच्या दारी जाऊन मागावा लागला. झाडाच्या बुंध्याला श्वास घेण्यापुरती माती सोडा, हे सांगण्यासाठी आदेश काढावा लागतो, यातच आपण मातीला किती विसरलो ते दिसते. दुसरी शंका मोबदल्याची. साठ वर्षांचा वड तोडला आणि त्याऐवजी साठ रोपे लावली, म्हणजे हिशेब जुळला असे कागद म्हणतो. पण ती रोपे कोठे लागतात? पुष्कळदा गावाबाहेरच्या एखाद्या माळावर. वडाखाली बसणारा चांभार, भाजीवाली, शाळेची बस थांबेपर्यंत उभी राहणारी मुले, यांची सावली त्या माळावर गेलेली असते. सावली ही ज्याची गेली त्यालाच परत मिळावयास हवी. आज्ञापत्राने मोबदला सांगितला तो झाडाच्या धन्याला, आणि तोही त्याला राजी करून. रस्त्यावरच्या झाडाचा धनी कोण, आणि त्याला राजी कोणी करावयाचे?

म्हणून मला असे वाटते की नव्या वसाहतीच्या लागवडीचा नियम करावयाचा तर त्याची कलमे संख्येपासून सुरू होऊ नयेत. पहिले कलम असावे ते त्या जमिनीवर आधीपासून उभ्या असलेल्या झाडांचे. नकाशा त्यांना वळसा घालून काढावा. दुसरे कलम मातीचे. आवाराचा काही भाग असा राखावा की त्याच्याखाली तळघर नाही आणि त्याच्यावर फरशी नाही. पाऊस पडला तर तो तेथे मुरला पाहिजे. तिसरे कलम अंतराचे. नकाशातले हिरवे वर्तुळ रोपाच्या मापाने न काढता तीस वर्षांनंतरच्या झाडाच्या मापाने काढावे. मग चाळीस वर्तुळांची बारा झाली तरी चालतील. वड-पिंपळाला मैदान द्यावे. घरांच्या ओळीत बकुळ, ताम्हण, करंज यांसारखी आटोपशीर झाडे लावावीत. आणि चौथे कलम वालीचे. प्रत्येक झाड कोणत्या बिऱ्हाडाच्या देखरेखीखाली आहे, निदान पहिली तीन वर्षे त्याला पाणी कोण घालणार, हे दाखल्यावर लिहिलेले असावे, आणि दाखला लागवडीच्या दिवशी न देता तीन पावसाळ्यांनंतर द्यावा.

यात अवघड असे काही नाही, आणि नवे असेही काही नाही. जमिनीचा नियम उज्जैनला झाला, जतनाचा नियम सह्याद्रीच्या गडांवर झाला, लोकांसाठी बाग खुली करण्याचा पायंडा बडोद्याने पाडला, आणि नियमाला घरच्या अंगणाशी जोडण्याची युक्ती इंदूरच्या रस्त्यांवर प्रत्यक्ष करून दाखवली गेली. हा वारसा आपल्या गावचा आहे. तो विसरून आपण हिरवी वर्तुळे मोजीत बसलो आहोत, एवढेच.

त्या वास्तुशांतीच्या दिवशी निघताना मी स्नेह्यांच्या सज्जात पाहिले. तेथे एक तुळस होती. जुन्या वाड्यातल्या वृंदावनातली माती त्यांच्या मातोश्रींनी डब्यातून बरोबर आणली होती, आणि त्या मातीत ते रोप तरारून आले होते. खाली आवारात वाळलेल्या काटक्या, आणि वर सज्जात ती तुळस. फरक पाण्याचा नव्हता. नळ दोन्हीकडे होता. तुळशीला कोणीतरी आपले म्हटले होते. तेच प्रेम सज्जाच्या कठड्यावरून खाली उतरून आवारातल्या एखाद्या झाडापर्यंत पोहोचले, तर नियमाचे निम्मे काम आपोआप होईल. उरलेले निम्मे नकाशा काढणाऱ्यांनी करावे.